झेब्रा फिंच रात्री सगळे एकाच मडक्यात झोपतात आणि अंडी फुटतात. मडकी काढून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवरच्या जाळीत कुंड्या ठेवून बाग केली आहे, झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पक्ष्यांच्या ३ जोड्या आहेत, ३ मडकी वर-खाली टांगली आहेत, आणि दिवस मावळला की सगळे सर्वांत वरच्या मडक्यात घुसतात. मीही सोलापूरचाच, गच्चीवरच फिंच पाळतो. मडकी आत्ता काढू नका. आधी सगळी एका उंचीवर आणा.

झेब्राला मडकं अंडी घालायला लागतं तसंच झोपायलाही लागतं. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळांवर हे पक्षी पिल्लांसाठी काटेरी झुडपात घरटं बांधतात आणि नुसतं रात्री झोपायलाही वेगळी घरटी बांधतात. शिवाय प्रत्येकाला सर्वांत उंच जागा हवी असते. त्यामुळे वरच्या मडक्यावर भांडण ठरलेलं. ३ जोड्यांना ६ मडकी द्या, छताखाली एका रेषेत, एकमेकांपासून हातभर लांब.

अंडी फुटण्याचं आणखी एक कारण बघा. पिल्लं साधारण ३ आठवड्यांची झाली की बाहेर पडतात, पण पुढचे काही दिवस आईबाप त्यांना संध्याकाळी परत घरट्यात झोपायला नेतात. तोवर मादीने त्याच मडक्यात पुढची अंडी घातलेली असतात. मग चार-पाच दांडगी पिल्लं त्या अंड्यांवर झोपतात. म्हणून पिल्लं बाहेर येण्याआधीच शेजारी रिकामी मडकी असू द्या, आणि ती ३५-४० दिवसांची होऊन स्वतः दाणे टिपू लागली की वेगळ्या जाळीत हलवा.

घरट्यासाठी काय देता ते लिहिलं नाहीत. आपल्या गावात यंत्रमागाचं टाकाऊ सूत सहज मिळतं, ते कृपा करून देऊ नका. मी सुरुवातीला मऊ म्हणून पुंजकेच्या पुंजके दिले होते. एका पिल्लाच्या पायाला धागा आवळला, मला कळेपर्यंत बोटं काळी पडली होती. अजून ते आठवलं की वाईट वाटतं. सुकी हरळी द्या, काथ्या द्यायचा तर बोटभर लांबीचा कापून. आणि अंडी पडली की गवत देणं बंद. नाहीतर नर अंड्यांवरच नवा थर रचतो, मादी त्यावर पुन्हा घालते, आणि खालची अंडी गार पडून वाया जातात.

आता झाडांविषयी, कारण उन्हाळ्यात खरी भिस्त त्यांच्यावर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालचं मातीचं मडकं भट्टीच होतं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की हवा २६ अंशांच्या वर गेली तर झेब्रा आईबाप पिल्लं अंड्यातून बाहेर येण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांशी खास आवाजात बोलतात, आणि तो आवाज ऐकलेली पिल्लं उन्हात कमी वाढून लहान चणीची राहतात. एवढ्याशा जिवाची ही तयारी वाचून मी थक्क झालो होतो. पण पिल्लाला ४२ अंशांत मडक्यात उकडून काढायला हे कारण पुरेसं नाही. म्हणून मी मार्चच्या मध्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत मडकी काढून वीण थांबवतो.

त्यासाठी तोवर झोपायला दाट झाडी तयार हवी. बांबू आणि मेंदी मोठ्या कुंड्यांत, बंद भिंतीच्या कोपऱ्यात, छताला भिडेल इतकी वाढू द्या. मेंदीच्या बारीक फांद्या त्यांच्या पायांना नीट बसतात. कण्हेर आणि घाणेरी जाळीत नको, दोन्ही विषारी. पक्षी जाळीला लटकून झोपताना दिसले तर समजा आडोसा कमी पडतोय. मांजर रात्री जाळीला हात लावते तो भाग आतून पत्र्याने झाका आणि एक मंद दिवा चालू ठेवा, म्हणजे दचकून उडालेला पक्षी अंधारात जाळीवर आपटणार नाही.

मडकी काढाल ती सगळी पिल्लं बाहेर आल्यावर, आणि सकाळीच. दिवसभर फिरून ते नवी जागा शोधतात. संध्याकाळी काढलीत तर ती रात्र जमिनीवर काढतील. त्याच दिवशी खाली पडलेलं गवतही झाडून घ्या, नाहीतर आठवड्यात मेंदीत घरटं उभं राहील.