प्रिफर, वुड रादर, हॅड बेटर : एका 'बरं'वर तिघांना भागवू नका

चोपड्याच्या ताईंनी विचारलंय, की प्रिफर, वुड रादर आणि हॅड बेटर या तिन्हींचं मराठी "त्यापेक्षा हे बरं" असंच होतं, मग बँकेच्या परीक्षेत रिकाम्या जागी यातलं कुठलं भरायचं?

ताई, घोळ तुमचा नाही, आपल्या 'बरं'चा आहे. "मला पोळीपेक्षा कळण्याची भाकरी बरी वाटते", "आज घरीच बसलेलं बरं", "पोरा, वेळेत निघालेलं बरं." पहिल्यात आवड, दुसऱ्यात आजपुरता निर्णय, तिसऱ्यात दम. इंग्रजीत या तिघांची खाती वेगळी आहेत.

दमाचं खातं हॅड बेटरचं. हे मी फजिती होऊन शिकलो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी जळगावला एका बँकेत होतो. ऐन थंडीत चेन्नईचे एक साहेब तपासणीला आले, म्हणून त्यांना आम्ही शेतात भरीत पार्टीला नेलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात. साहेबांचा हात मात्र सारखा डाळीकडे. मी प्रेमानं म्हटलं, "यू हॅड बेटर ईट द भरीत, सर." त्यांनी घास खाली ठेवला आणि हसत विचारलं, "ऑर एल्स?" म्हणजे, नाही खाल्लं तर काय करशील!

हॅड बेटरला आपल्या 'बऱ्या बोलानं'चा जरासा वास आहे. हे कर, नाहीतर पस्तावशील, एवढं त्यात न बोलता येतं. "यू हॅड बेटर कॅरी युवर हॉल तिकीट" चपखल बसतं, कारण विसरलात तर दारातूनच परत. 'हॅड' दिसतो भूतकाळी, पण गोष्ट आत्ताची किंवा पुढची असते. पुढे क्रियापद कोरं, म्हणजे मूळ रूपात, मध्ये 'टू' नाही. नकार द्यायचा तर हॅड बेटर नॉट.

प्रिफर सोपं आहे, कायमच्या आवडीचं. चूक होते ती फक्त 'दॅन'ची. "आय प्रिफर टी टू कॉफी", तिथे दॅन नाही. शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ 'पुढे धरणे'. एक वस्तू दुसरीच्या पुढे धरायची, म्हणून टू. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हीसुद्धा लॅटिनचीच मंडळी, त्यांनाही टूच लागतो. ऑफिसात "सीनियर दॅन मी" म्हणणारे मी जन्मभर ऐकले. आणि 'मोअर प्रिफर' तर लिहूच नका.

वुड रादर म्हणजे या वेळेपुरती निवड. "आय वुड रादर टेक द बस दॅन वेट हिअर." अमळनेरच्या स्टँडवर उभं राहून हे वाक्य म्हणून बघा, लक्षात राहील. इथे मात्र दॅनच, आणि दोन्हीकडे कोरं क्रियापद. रादरचा जुना अर्थ 'आधी, लवकर' असा होता, म्हणजे त्याच्या आधी हे करीन. आपण "उपाशी राहीन, पण त्याच्याकडे मागणार नाही" म्हणतो, तसलंच काहीसं आहे ते.

खरी मेख पुढे आहे. निवड माझी, पण करायचं दुसऱ्यानं, तेव्हा इंग्रजी भूतकाळ वापरते : "आय वुड रादर यू केम टुमॉरो." मुलं इथे हमखास 'कम' लिहितात. केम उद्याला कसं चालेल, असं वाटतं ना? मग आपलं वाक्य ऐका : "तुम्ही उद्या आलात तर बरं होईल." 'आलात' हे रूप कुठल्या काळाचं? आपणही तेच करतो, फक्त कधी लक्ष देत नाही. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

बोलण्यात वुड आणि हॅड दोन्ही आखडून 'आयड' होतात, तिथे गोंधळू नका. पुढे रादर आलं तर वुड, बेटर आलं तर हॅड. ऐकून लिहायच्या प्रश्नात एवढं पुरतं.

बाकी त्या दिवशी मला म्हणायचं होतं ते साधं "यू शुड ट्राय द भरीत, सर". साहेबांनी नंतर दोनदा मागून घेतलं ते सोडा, पण माझ्या तपासणीच्या फायलीवर सही करताना मात्र म्हणालेच, "आय हॅड बेटर साइन धिस."