उन्हाळ्यात तलावावर गळ टाकायला निघालायस तर

भावा, भारी रॉडच्या मागं आत्ताच लागू नकोस, आधी वेळ सांभाळ. मे महिन्यात वरचं पाणी तापतं, त्यात ऑक्सिजन कमी होतो, मासा खोलात नाहीतर सावलीला जातो आणि नवी पोरं नेमकी बाराच्या उन्हात बसतात. उजाडायच्या आत पोच, कणकेची गोळी गळाचं टोक झाकेल एवढीच लाव.

त्याहून महत्त्वाचं:

१. कोल्हापूरचा कळंबा तलाव असो नाहीतर राधानगरी धरण, पाणी मागं हटलं की काठाचा गाळ वरनं वाळलेला, भेगा पडलेला दिसतो पण आत लोण्यागत मऊ असतो, काठी टोचून बघितल्याशिवाय पाय टाकायचा नाही म्हणजे नाही.

२. वळवाचा गडगडाट ऐकला की कार्बन रॉड खाली ठेव, झाडाखाली न थांबता गाडीत बस.

३. होडीत लाईफ जॅकेट घालूनच, पोहता येत असलं तरी.

आणि पहिल्यांदा एकटा जाऊ नकोस, कुणीतरी जाणता सोबत घे.