फीबस म्हणजे सूर्य? होमरमध्ये तरी नाही

इंग्रजी कवितेत सूर्याला ‘फीबस’ म्हणतात, मग मराठीत आणताना सरळ ‘सूर्यदेव’ लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या बाबतीत अजिबात नाही. यावरून माझं एका संपादकांशी कायमचं बिनसलंय.

अकरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या पहिल्या सर्गाचा सुरुवातीचा भाग मराठीत केला (इंग्रजी भाषांतरांवरून, ग्रीक मला येत नाही). ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन अपोलो देवाचा पुजारी क्रायसीस याला त्याची पळवून आणलेली मुलगी परत देत नाही, धमकावून हाकलतो. म्हातारा समुद्रकाठाने एकटाच चालत जातो आणि अपोलोचा धावा करतो. फीबस अपोलो (फीबस हे अपोलोचंच बिरुद) संतापून ऑलिंपस या देवांच्या पर्वतावरून उतरतो. खांद्यावर बाण खणखणतायत, आणि होमर म्हणतो, तो रात्रीसारखा आला. ग्रीकांच्या छावणीत आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. नऊ दिवस बाण चालू, चिता विझत नाहीत.

अंक हातात आला तर ‘फीबस’च्या जागी ‘सूर्यदेव’, आणि ‘रात्रीसारखा’ खोडून ‘तळपत’! मला न विचारता. फोन केला तर म्हणाले, सूर्य रात्रीसारखा कसा येईल, वाचक हसले असते.

अहो, तो सूर्य नाहीच. होमरचा सूर्य हेलिऑस, तो देव वेगळा. होमरच्याच ‘ओडिसी’त ज्याची गुरं ओडिसियसचे खलाशी मारून खातात, तो. फीबस म्हणजे तेजस्वी, निर्मळ. काळ्या विठ्ठलाला आपण पांडुरंग म्हणतो, म्हणून कुणी मूर्तीला पांढरा रंग देत नाही. नाव उजेडाचं आणि येणं रात्रीसारखं, त्या ओळीतली सगळी दहशत यातच आहे. तीच त्यांनी पुसली.

अपोलो आणि सूर्य एक मानायला लागले ते पुढे, इ.स.पू. ५व्या शतकात ग्रीक नाटककार युरिपिडीसकडे त्याची खूण सापडते. रोमन कवी ओव्हिड तर सूर्यपुत्र फेथॉनच्या कथेत सूर्यालाच फीबस म्हणतो. इंग्रजी कवी ओव्हिड वाचून वाढलेले, त्यामुळे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधल्या नाटकातल्या नाटकातला राजा लग्नाला तीस वर्षं झाली हे ‘फीबसचा रथ तीसदा फिरला’ असं सांगतो. तिथे मात्र ‘सूर्याचा रथ’ खुशाल लिहा, एवढं त्या संपादकांचंही मान्य करतो.

पण हातात होमर असेल तर ‘फीबस’ तसाच ठेवा, हवी तर तळटीप द्या. आणि छापायला देण्याआधी ‘रात्रीसारखा’ला हात लावणार नाही, असं लेखी घ्या.