पद्मिनीला सतरा इंची चाकं, तीही कर्ज काढून?

तुमची वडिलांच्या वेळची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी. गेल्या वर्षी स्प्रिंगा कापून ती खाली बसवलीत. आता १४ इंची पत्र्याच्या रिम काढून १७ इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम) आणि नवे टायर घालायचेत. खर्च १,४०,००० रुपये, पर्सनल लोनवर. घरखर्च महिना ३५,०००, बँकेत शिल्लक ६०,०००. आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

हप्त्याचं आधी उरकतो. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी महिना साधारण ४,७८५ रुपये, म्हणजे व्याजच ३२,००० च्या वर. आणि तुमची शिल्लक दोन महिनेही पुरत नाही.

पण खरा खर्च बिलात दिसत नाही. १४ इंची रिमवरच्या १६५/८० आर १४ टायरची उंची सुमारे ६२० मिमी, १७ इंचीवरच्या २०५/४५ आर १७ ची ६१६ (पहिला आकडा मिमीत रुंदी, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते). उंची जवळपास तीच, पण रबराची भिंत १३२ वरून ९२ मिमीवर येते आणि टायर ४ सेंमीने रुंद होतो. गाडी खाली बसवल्यामुळे चाकाला वर सरकायला जागा आधीच कमी. सोलापुरात होटगी रोडवर एखादा खड्डा चुकवता आला नाही, की टायर मडगार्डला घासणार नाहीतर रिम वाकणार. बोल्टांचं मापही बघा. पद्मिनीचं, म्हणजे फियाटचं, ४ बाय ९८ (चार बोल्ट, ९८ मिमी व्यासाच्या वर्तुळावर), दुकानात सहज मिळणारी बरीच अलॉय ४ बाय १००. मग माप जुळवायला मधे अ‍ॅडॉप्टर आले. पॉवर स्टिअरिंग नाही, इंजिन १०८९ सीसीचं. रुंद टायर वळवताना दंड भरून येतील ते वेगळंच.

आता किमतीचं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी आत्ताच त्या वयात आलीय. त्या नोंदणीवर ती रोज फिरवता येत नाही, हे खरं. पण विकायची वेळ आलीच, तर जुन्या गाडीचा शौकीन मूळपणाचेच पैसे देतो. (सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला निघालात तरी लोक वळून बघतील ते पद्मिनीकडे, रिमकडे नाही.) चाकं परत काढता येतात, कापलेली स्प्रिंग लांब होत नाही. शिवाय परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि बदल लपवला तर विम्याचा दावा अडकतो.

म्हणून पहिला खर्च नव्या मूळ मापाच्या स्प्रिंगांवर करा. जुन्या रिम भंगारात देऊ नका, रंगवून घ्या. कर्जाचा तो ४,७८५ चा हप्ता बचतीत टाकलात, तर दहा महिन्यांत तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी राहील. त्यानंतरही अलॉयची ओढ राहिलीच, तर १५ इंचांवर थांबा, रोखीनं घ्या, आणि बोल्टांचं माप व ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.