माळ्यावरची करवत कोणत्या कंपनीची?

प्रश्न : जुन्या नाशकातला आमचा वाडा उतरवताना माळ्यावर दोन करवती सापडल्या. एकीच्या मुठीतल्या पितळी बिल्ल्यावर ‘वॉरंटेड सुपीरिअर’ लिहिलंय, दुसरीच्या बिल्ल्यावर ‘डिस्टन अँड सन्स’. पाती गंजली आहेत. कंपनी आणि वय कसं ओळखावं? गंज व्हिनेगरने काढू का?
– एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : व्हिनेगर नको आणि तारेचा ब्रशही नको. तुम्हाला हवं असलेलं नाव बहुधा त्या गंजाखालीच आहे.

‘वॉरंटेड सुपीरिअर’ हे कंपनीचं नाव नव्हे. तो तयार मिळणारा बिल्ला होता आणि अनेक कारखाने तो लावत. खरी ओळख पात्यावर आम्लाने कोरलेल्या छापात असते. बिल्ला ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला, पात्याच्या साधारण मध्यावर तो शोधा. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला ४०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा, रॉकेलमध्ये भिजवा आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. दहा-बारा हात झाले की पुसून, तिरप्या उजेडात बघा. छाप पृष्ठभागापेक्षा किंचित खोल असतो. ठोकळा फक्त वरचा भाग उजळवतो आणि अक्षरं काळी उठून दिसतात. कागद नुसत्या बोटाने घासला तर बोट त्या खोलगटात उतरतं आणि अक्षरंच पुसली जातात. व्हिनेगर तर दोन्ही भाग सारखेच खातं, मग उरतं नुसतं करडं पातं.

डिस्टन फिलाडेल्फियाची, हेन्री डिस्टन यांनी १८४० मध्ये सुरू केलेली. बिल्ल्यावर ‘सन्स’ आहे, म्हणजे करवत १८७१ नंतरची. छापात ‘डी-८’ दिसलं तर १८७४ नंतरची, कारण ते मॉडेल त्या वर्षी आलं. आकड्याआधीची आडवी रेघ १९२८ मध्ये गेली, म्हणून ती रेघ नीट बघा. मात्र बिल्ल्यावर एकट्यावर विसंबू नका, मुठी बदलल्या जातात. पात्याला रिकामं जादा भोक दिसलं तर मूठ दुसरीकडची समजा.

पात्यावर ‘कास्ट स्टील’ ठोकलेलं असेल तर ते पोलादाचा प्रकार सांगतं, निर्मात्याचं नाव नव्हे. मुठीजवळ दात्यांच्या वर ठोकलेला आकडा, समजा ८, म्हणजे एका इंचात दोन्ही कडांवरची धरून दात्यांची आठ टोकं, पूर्ण दाते सातच. नंतर कुणी कानशीने दाते नव्याने पाडले असतील तर मोजणी आकड्याशी जुळणार नाही.

साफ झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल आतच कोंडते.

प्रश्न : भंगारवाल्याकडे जुनी करवत घेताना काय बघावं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मूठ डोळ्याशी धरून दात्यांच्या रेषेवरून नजर टाका. पूर्ण पात्याला सौम्य बाक असेल तर तो निघतो; एकाच जागी पडलेली घडी काढणं मात्र जाणकाराचं काम आहे, आणि पातं तिथे ठोकताना बिघडूही शकतं. मग दात्यांलगतचा गंज नखाने चाचपा. खड्डे खोल असतील तर धार लावताना टोकं मोडतात, तेव्हा अशी करवत सोडा. वारंवार घासून टोकाकडे फार अरुंद झालेलं पातंही वापरायला नको. मुठीचं शिंग, म्हणजे वर किंवा खाली बाहेर आलेलं टोक, तुटलंय? चालेल, लाकूड चिकटवून कोरता येतं. मुठीचे नट लाकडाशी सपाट आणि मधे चीर असलेले असतील तर साधा पाना-स्क्रूड्रायव्हर लावू नका. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा मधला भाग कानशीने काढा, दोन दात चिरेत बसतील असे ठेवा. पितळ मऊ असतं, जोर केला की चीर फाटते.