आजोबांच्या ट्रंकेतलं रामनचं पत्र

प्रश्न : आजोबा साताऱ्याला हायस्कूलात सायन्स शिकवायचे. त्यांच्या ट्रंकेत सर सी. व्ही. रामन यांचं १९४९ सालचं टाइप केलेलं पत्र सापडलं, खाली शाईची सही, पाकीटपण आहे. लॅमिनेट करून हॉलमध्ये लावावं म्हणतोय. शिवाय आता नादच लागलाय, ऑनलाइन एक जण आइनस्टाइनची सही असलेलं पत्र १२ हजाराला देतोय, सर्टिफिकेटसकट. घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, आधी ते लॅमिनेशन कॅन्सल करा! गरम प्लास्टिक एकदा कागदाला धरलं की सुटत नाही, सेलोटेपपण नको, त्याचा गोंद पिवळा पडून शाईत उतरतो. अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या कागदाचं) फोल्डर घ्या, हॉलमध्ये कलर झेरॉक्स लावा, आणि मूळ पत्र वरच्या मजल्यावर ठेवा, २०१९ चा पूर सांगलीकराला मी काय सांगायचा.

आता आइनस्टाइन. १९२२ मध्ये टोकियोच्या हॉटेलात टिपऐवजी त्यांनी दिलेली चिठ्ठी २०१७ ला लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेली, आणि तुम्हाला पत्र १२ हजारात? सर्टिफिकेट काय, कुणीपण छापतं. भिंग लावून बघा, सहीत बारीक ठिपके दिसले तर ती छापलेली. पण ठिपके नाहीत म्हणजे अस्सल असंही नाही, हाताने खोटी सही करणारे कमी नाहीत.

फसायला अडाणी असावं लागत नाही बरं का. मिशेल शाल हा फ्रान्सचा नावाजलेला गणिती, त्याला व्रँ-लुकास नावाच्या माणसाने हजारो बनावट पत्रं विकली, फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल, न्यूटन, गॅलिलिओ आणि चक्क इजिप्तची राणी क्लिओपात्रासुद्धा, आणि बाई लिहितेय फ्रेंचमध्ये! त्या पत्रांच्या जोरावर १८६७ मध्ये शालने फ्रान्सच्या विज्ञान अकॅडमीत दावा केला की गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी पास्कलने शोधलं. लुकासला १८७० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, शालचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून मी सहीच्या आधी पत्र आलं कुठून ते विचारतो. तुमच्याकडे ते आहे की! पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, आजोबांचं नाव, शाळेचा पत्ता, हे पत्रातल्या तारखेशी जुळवून बघा आणि पाकीट पत्रासोबतच ठेवा, कचरा म्हणून टाकू नका. आजोबांनी रामनना काय लिहिलं होतं त्याचा कच्चा मसुदा जुन्या वह्यांत मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि हो, शास्त्रीय महत्त्वाचा कागद ७५ वर्षांचा झाला की १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो, परदेशातल्या गिऱ्हाइकाला परस्पर पाठवायचा नाही.