फादर लहान, पण चांदूर रेल्वेतली रेल्वे मोठी

आर्वीकडच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. मुलगा आठवीत. इंग्रजी निबंधात 'माय फादर इज अ फार्मर' लिहिताना त्याने फादर आणि फार्मर या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल काढलं. बाईंनी दोन्हींखाली लाल रेघ ओढली. पोरगा हटून बसला, 'माह्या बापाले कॅपिटल नाही, तं मंग कोणाले?' ताई विचारतात, विशेषनाम-सामान्यनामाची व्याख्या तर पाठ आहे, पण लिहिताना ओळखायचं कसं? आणि मराठीचं कॅपिटलवाचून अडत नाही, मग इंग्रजीलाच ही हौस का?

पोराचा मुद्दा मला आवडला, तरी रेघ बरोबर आहे. विशेषनामातल्या 'विशेष'चा मोठेपणाशी संबंध नाही. अख्ख्या जातीला लागू पडतं ते सामान्यनाम, त्या जातीतल्या एकालाच ओळखायला ठेवलेलं ते विशेषनाम. फार्मर शिवारभर आहेत, फादर घरोघरी आहेत, म्हणून दोन्ही लहान. बापाचं नाव लिहिलं की तिथे कॅपिटल.

पण हाच फादर कधी कधी मोठाही होतो. आपण घरात 'बाबा आले का?' असं विचारतो तेव्हा 'बाबा' हे नावाच्या जागी बसलेलं असतं. इंग्रजीत तसा एकटा फादर आला तर कॅपिटल. त्याच्या आधी माय, युवर, हिज, द यांपैकी काही लागलं की पुन्हा लहान. मुलाला एवढी एक कसोटी दिली तरी निम्म्या रेघा वाचतील.

आता आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यात दोन तालुके आहेत, चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. दोन चांदुरांची गल्लत होऊ नये म्हणून रेल्वे आणि बाजार हे साधे शब्द नावातच जाऊन बसले. त्यामुळे इंग्रजीत 'चांदूर रेल्वे' लिहिताना दोन्ही शब्दांना कॅपिटल, पण त्या गावावरून धावणारी रेल्वे मात्र लहान. चांदूर बाजारच्या बाजाराचंही तेच. शब्द तोच, एका ठिकाणी तो नावाचा तुकडा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती वस्तू. नदीलाही हेच लावा. 'वर्धा रिव्हर' असं पूर्ण नाव आलं तर दोन्ही मोठे, 'रिव्हरला पूर आला' म्हणताना रिव्हर लहान. तान्हा पोळा हे सणाचं नाव, म्हणून दोन्ही शब्द मोठे. पोळ्याचा बैल लहान. नागपुरी संत्र्यातलं नागपूर मोठं, संत्रं लहान. वार आणि महिने मोठे, ऋतू लहान. भाषांची नावं मोठी, गणित-विज्ञान वाक्यात आले तर लहान. सरकारी पत्रांतल्या इंग्रजीवरून मात्र हे शिकू नये. तिथे शिपायापासून सचिवापर्यंत आणि अर्जापासून उताऱ्यापर्यंत सगळंच कॅपिटल असतं.

कापूसवाल्यांसाठी एक खास नमुना. बीटी कापूस इंग्रजीत नीट लिहिला तर बी मोठा आणि टी लहान असतो. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. शास्त्रीय नावात प्रजातीचा पहिला शब्द मोठा आणि जातीचा दुसरा शब्द लहान, हा पक्का नियम. यातला दुसरा शब्द जर्मनीतल्या थुरिंजिया या प्रदेशावरून आलाय, म्हणजे मुळात अस्सल विशेषनाम, तरी त्याला कॅपिटल नाही. बियाण्याच्या पाकिटावर दोन्ही अक्षरं मोठी दिसतात, ती जाहिरातीची रीत. खुद्द जर्मन भाषेचा कारभार तर उलटाच: तिथे विशेष असो की सामान्य, प्रत्येक नाम कॅपिटलनेच सुरू होतं. आपला पोरगा त्या शाळेत पहिला आला असता.

म्हणजे ही एकेका भाषेची रीत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, मोडीतही नव्हती. पण म्हणून मराठी हा फरक दाखवत नाही असं समजू नका. ती तो शब्दाच्या सुरुवातीला न दाखवता शेवटाला दाखवते. 'विश्वासाने काम केलं' आणि 'विश्वासने काम केलं' ही दोन वाक्यं वाचा. पहिल्यात भरवसा आहे, दुसऱ्यात विश्वास नावाचा माणूस. सामान्यनामाला प्रत्यय लागताना सामान्यरूप होतं, विश्वासचं विश्वासा. आजच्या मराठीत माणसाचं नाव सहसा तसंच राहतं. आनंदाने आणि आनंदने, प्रकाशाला आणि प्रकाशला, विजयाची आणि विजयची. ही आपली कॅपिटल अक्षरंच म्हणा.

बायकांच्या नावांतही हे दिसतं. नदी असेल तर 'गंगेला पूर', शेजारीण असेल तर 'गंगाला बोलाव'. वनवास सीतेला झाला, पण शेतातलं तण निंदायला सांगायचं ते सीताला. देवादिकांची नावं जुन्या वळणाने बदलतात, कारण ती रूपं भजन-कीर्तनातून कानात मुरलेली आहेत. वऱ्हाडीत 'विठ्ठलाले हार घातला' म्हटलं की देवळातला, 'विठ्ठलले हाक मार' म्हटलं की घरचा. जुनी माणसं मात्र घरच्यालाही विठ्ठलाले म्हणताना ऐकू येतात, कारण नावं न बदलण्याची ही चाल अलीकडे वाढली आहे.

गावांच्या नावांत थोडी ओढाताण आहे. हिंगणघाटला जातो म्हणतो, हिंगणघाटाला नाही. नुसता घाट असेल तर घाटाला. पण अकोला, भंडारा, बुलडाणा ही आकारान्त नावं सरळ बदलतात: अकोल्याला, भंडाऱ्याला, बुलडाण्याला. गोंदिया तेवढं हटत नाही, गोंदियालाच. वर्धा शहर आणि वर्धा नदी यांच्यात बोलताना फरक होतो: 'वर्ध्याला गेलो' आणि 'वर्धेला पूर आला'. छापील मजकुरात शहरासाठीही 'वर्धेत' आढळतं, त्यामुळे तिथे ही खूण डोळे मिटून वापरता येणार नाही.

नावाच्या शेवटी ई आली की ही सोय संपतेच. 'लक्ष्मीला घरी आणलं' यातली लक्ष्मी देवी, नवी सून की बाजारातून घेतलेली गाय, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय मराठी माणसालाही कळायचं नाही.